मामाने दातांनी निवडलेली मोटर

मामाने मोटरीच्या दांड्याला दात लावले तेव्हा दुकानाचे मालक पेडणेकर बशीत चहा ओतत होते. ते ओतत राहिले. बशी भरली, चहा बिलबुकावर गेला, तरी त्यांची नजर मामाच्या जबड्यावरून हलेना.

"हे नेहमी असंच करतात का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मोटर पहिल्यांदाच घेतायत."

मोटर चालू होती. दुकानाच्या मागच्या अंगणात फायबरची एक टाकी होती, तिच्या काठाला आडवी फळी ठोकून त्यावर नमुन्याची मोटर अडकवलेली. खाली पाण्यात पंखा फिरत होता, वर मामा उकिडवा बसून दांडा चावत होता. त्याचे डोळे मिटलेले. एखाद्या माणसाला शेवटचा ऊस मिळाला असावा तसा त्याचा चेहरा.

अर्ध्या मिनिटाने त्याने तोंड बाजूला घेतलं, शर्टाच्या बाहीने दांडा पुसला आणि म्हणाला, "ही बोंबलता."

पेडणेकरांना हे लागलं. ती त्यांची सगळ्यात चांगली मोटर होती. मी खाली वाकून कान टाकीजवळ नेला. खरोखर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. शेजारच्या गॅरेजमधला रेडिओ मात्र स्पष्ट येत होता.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचे दोन विषय माझ्याकडे शिल्लक होते आणि तेवढ्या भांडवलावर घरात मला इंजिनिअर समजत. आम्ही कोल्हापूरचे. आईचं माहेर देवगडच्या अलीकडे, खाडीवर. तिचा भाऊ हरिश्चंद्र मेतर, म्हणजे हरीमामा, आयुष्यभर मासे मारत आलेला. आधी सोळा वर्षं दुसऱ्याच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळलं, मग स्वतःची सोळा फुटी होडी घेतली. वल्हवत जायचं, होडीमागे दोऱ्या सोडून गरी ओढत फिरायचं, चोणकासारखा मोठा मासा मिळाला तर दुपारपर्यंत परत. त्या वर्षी त्याचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी वल्ह्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.

मामाचा मुलगा दर्शन मस्कतला. त्याने मला फोन केला. दोन रस्ते होते. एक, होडीला बॅटरीवर चालणारी छोटी मोटर बसवायची; ती तो भेट देणार. दोन, होडी देऊन टाकायची. खाडीच्या तोंडाशी एक नवं रिसॉर्ट झालं होतं आणि त्यांना जुनी होडी हवी होती. समुद्रासाठी नाही. जेवणाच्या हॉलमध्ये मधोमध ठेवून तिच्यात काकडी, बीट आणि टोमॅटो मांडायचे होते. रिसॉर्टचा माणूस रविवारी टेप घेऊन येणार होता.

"मोटर तू निवड," दर्शन म्हणाला. "आणि एक बघ. बाबा एकटे पाण्यावर जायला ठीक आहेत का? फोनवर ते कधी येतच नाहीत, आईच बोलते. मला इथून काही कळत नाही. तुला जरा जरी वावगं वाटलं तर सांग. होडी देऊन टाकू."

म्हणजे मी मोटर निवडायला गेलेलो, पण मामाचा अहवालही मीच द्यायचा होता. हे मामाला ठाऊक नव्हतं.

मी गुरुवारी पोचलो. मामा ओटीवर जाळं शिवत होता. त्याने माझ्याकडे बरंच लक्षपूर्वक पाहिलं. कोल्हापुरात मी चार महिने खपून मिशी वाढवली होती. ती वरच्या ओठावरून खाली उतरून विचारपूस करू लागली होती.

"मिशी काढून ये," मामा म्हणाला. "मगे बोलूया."

मला वाटलं, थट्टा आहे. मी प्रवासाचं सांगू लागलो. तो जाळं शिवत राहिला. मामी आतून म्हणाली, तेंका मिशये आवडनत नाय, तू आपलो जा न्हाव्याकडे. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मामा मिशीवाल्या माणसाशी बोलत नाही. थोरली मुलगी बघायला आलेल्या एका चांगल्या नोकरीवाल्या मुलाला त्याने तासभर एक शब्दही दिला नव्हता. दुसरा सफाचट आला, त्याचं जमलं. गर्विष्ठ आहे, असं लोक म्हणत. मी चार महिन्यांचं काम पाच मिनिटांत उतरवून आलो आणि मामा माझ्याशी बोलला.

मी वहीत तक्ता केला होता. बत्तीस व्हिडिओ बघून केलेला तक्ता. मोटरीचा जोर, दांड्याची लांबी, बॅटरी किती तास चालेल, खारं पाणी सोसेल की नाही, वजन. आमच्या होडीला पंचावन्न पाउंडाचा जोर बस्स होतो आणि दांडा किमान तीस इंच हवा, एवढं मी काढलं होतं. मामाने तक्ता नीट पाहिला, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आवाज?"

"अजिबात नसतो," मी अभिमानाने म्हणालो. "त्यासाठीच तर घेतात. मासे बुजत नाहीत."

"अजिबात?"

"अजिबात."

त्याचा चेहरा पडला. का ते मला समजलं नाही. मी तक्त्यात आवाजाचा एक रकाना वाढवला.

त्याच संध्याकाळी तो मला होडीत घेऊन गेला, वल्हवायला मला बसवून. खाडीच्या मध्यावर आलो तसं त्याने दुसरं वल्हं पाण्यात उभं सोडलं आणि त्याची मूठ दातांत धरली. जुनी माणसं वल्ह्याला कान लावून ढोमा माशाचा आवाज घेत, हे मी आईकडून ऐकलं होतं. ढोमा पाण्याखाली घुरघुरतो. पण दात?

"कान वाऱ्याचापण आयकता," मामा म्हणाला. "दात फकत पाण्याचा आयकतत."

मला हे इतकं पटलं की मी पुढे काही विचारलंच नाही. कुतूहल होतं, पण आळशी कुतूहल होतं.

तेवढ्यात तो म्हणाला, चल, जेवण झाला. अजून अंधारही नव्हता. आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा मामी धक्क्याच्या पायरीवर होती, हातात खलातला लोखंडी बत्ता. धक्क्याच्या टोकाला एक लोखंडी पाइप खाडीत पुरलेला होता, पूर्वी कशाचा तरी दिवा होता त्याचा. मामी त्या पाइपवर बत्ता मारायची. मी लहानपणापासून बघत आलो होतो.

"कशाला मारतेस?"

"ऊद येतत," मामी म्हणाली. "मासे खातत. आवाजाक पळतत."

मला आजवर तिथे एकही ऊद, म्हणजे पाणमांजर, दिसलं नव्हतं. उपाय लागू पडत असावा.

तर शुक्रवारी आम्ही एसटीने रत्नागिरीला, बंदराजवळच्या त्या दुकानात. दारात पहिला जो पोऱ्या सामोरा आला त्याला झुपकेदार मिशी होती. तो मोटरींविषयी दहा मिनिटं फार छान बोलला. मामा तेवढा वेळ लाइफ जॅकेटं बघत होता. शेवटी मी पेडणेकरांना बोलावलं. ते गुळगुळीत होते. मामा लगेच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, त्यांच्या तोंडाकडे टक लावून. पेडणेकर खूश झाले. इतकं लक्ष देऊन ऐकणारं गिऱ्हाईक बंदरावर मिळत नाही.

पहिली मोटर बोंबलते म्हटल्यावर पेडणेकरांनी दुसरी लावली. ही आणखी महाग, आणखी गप्प. मामाने चावली.

"हीपण."

"काका, हिला आवाजच नाही," पेडणेकर म्हणाले.

"म्हणजे किती लांब जाता?"

"काय?"

"आवाज. काठावर माणूस बसलेला आसा, होडी अर्ध्या मैलावर आसा. तेका आयकाक येयत?"

पेडणेकरांना वाटलं, हा माणूस खात्री करून घेतोय. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की अर्धा मैल सोडा, दहा पावलांवरसुद्धा ऐकू आला तर मोटर परत आणा. मामाने ती मोटर हाताने बाजूला सारली.

दर्शनला मी काय सांगणार होतो? बाबांनी दोन मोटरी चावल्या. त्यांना न वाजणारी मोटर वाजते असं वाटतं आणि ती जोरात वाजत नाही याचं दुःखही होतं. हे वावगं म्हणायला पुरेसं होतं. रिसॉर्टच्या हॉलमधली ती होडी मला दिसू लागली. मामाच्या बसायच्या जागेवर बिटाच्या चकत्या.

कोपऱ्यात तिसरी एक होती. धूळ खात पडलेली, दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल, पुठ्ठ्यावर 'फक्त बघण्यासाठी' लिहिलेलं. मामाने बोट दाखवलं.

"ती नको," पेडणेकर म्हणाले. "तिची तक्रार आहे. चालते झकास, पण ओरडते."

हे बोलताना ते नेमके पाठमोरे होते, फडका शोधत होते. मामाने पुन्हा बोट दाखवलं, जणू ते काही बोललेच नाहीत.

लावली. मी आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. मोटर खाली पाण्यात शांत होती, पण वरच्या डोक्यातला सर्किट बोर्ड शीळ घालत होता. दळणाच्या गिरणीत बोकड अडकावा तशी. गॅरेजमधला रेडिओ कोणीतरी बंद केला आणि दोघंतिघं भिंतीवरून डोकावले. मामाने डोळे मिटून दांडा दातांत धरला. बराच वेळ धरला.

"ही गप आसा," तो म्हणाला.

भिंतीवरची डोकी एकमेकांकडे बघू लागली.

"हेचो आवाज लांब जाता?" त्याने मला विचारलं.

"मामा, मुंबईत तक्रार होईल इतका लांब."

"मगे माका ही व्हयी."

मी वही उघडून दाखवली. पहिलीचा दांडा चांगला, दुसरीची बॅटरी दोन तास जास्त. मामाने तिसरीच्या दांड्यावर थोपटलं. खाली जिथे ती होडीला आवळतात तिथे जाड रबर होतं, ते त्याने अंगठ्याने दाबून मला दाखवलं. माझ्या तक्त्यात रबराचा रकाना नव्हता. पेडणेकरांनी ती मोटर आम्हाला आनंदाने दिली. ओरडल्याबद्दल परत आणायची नाही, एवढं मात्र पावतीवर लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत मी मोटर मांडीवर घेऊन बसलो आणि दर्शनला काय कळवायचं ते मनात जुळवत राहिलो. मामा खिडकीतून बाहेर बघत गालात हसत होता. मी दोनदा त्याला विचारलं की ही गप्प कशी. तो बाहेरच बघत राहिला. गर्विष्ठ, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

शनिवारी सकाळी मोटर बसवली. मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, तोंड पुढे करून; मामा मागे, एक हात मोटरीच्या मुठीवर. बटण दाबलं आणि खाडीवरचे सगळे बगळे एकदम उठले. पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलेल्या एकाने ओरडून विचारलं, "कोणाचो बकरो बुडता रे?"

मी त्याला हात केला. दुसरं काय करणार.

होडी मात्र सुंदर चालली. माणूस शांतपणे पायी चालतो तेवढ्या वेगाने, मागे दोन दोऱ्या सोडलेल्या. मामाने डाव्या हाताने एक वल्हं पाण्यात धरलं होतं आणि मूठ दातांत. मला राहवेना. गप्प म्हणजे काय गप्प, ते बघूच. मी दुसरं वल्हं पाण्यात सोडलं आणि मूठ चावली.

मूठ खारट होती. मग आवाज आला. कानातून नाही, जबड्यातून, कवटीच्या मागून कुठून तरी. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसं सगळ्या खाडीभर चाललं होतं. मधेच कोणीतरी जाड गुरगुरलं. तो ढोमा असणार. आणि मोटर? मोटर नव्हतीच. बाहेर कान फाटत होते आणि लाकडात ती कुठेच नव्हती. मी तोंड काढलं, शीळ आली. दात लावले, शीळ गेली. असं मी सहासात वेळा केलं. पलीकडचा माणूस गळ सोडून माझ्याकडे बघत होता.

शेवटच्या वेळी दात लावले तेव्हा तडतडीच्या आतून आलं: टक्. टक्.

स्वच्छ, धातूचं, दोनदा. आणि त्याच क्षणी होडी वळली. मासे लागायचा चांगला पट्टा सोडून मामा घराकडे निघाला.

"मामा, काय झालं?" मी पुढे बघतच विचारलं.

उत्तर नाही.

"मामा, दोरी ओढतेय वाटतं. मासा आहे."

मी आवाज चढवला. मग माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, मी पुढेच बघत, होता तेवढा आवाज काढून ओरडलो, "मामा, साप!"

पलीकडचा माणूस उभा राहिला. "खंय?"

मी मागे वळलो. मामा तसाच बसला होता. वल्हं दातांत, डोळे धक्क्याकडे, चेहऱ्यावर कालचं ते एसटीतलं हसू. माझं तोंड हलताना दिसल्यावर त्याने मोटर बंद केली आणि वल्हं खाली घेतलं.

"काय रे?"

मला माझी मिशी आठवली.

मी जागेवरून उठलो, वाकत वाकत त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि ओठ नीट हलवत, आवाज न काढता विचारलं, "कधीपासून?"

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग खाडीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"सोळा वर्सां इंजनात होतो," तो म्हणाला. "हळूहळू गेला. आता तेरा वर्सां काय एक नाय." मोटरीवर हात ठेवून म्हणाला, "दर्शनाक सांगू नको. तो होडी इकतलो."

"मामीला?"

"तीच तर ठोकता."

"ऊद?"

"खंयचो ऊद." आणि तो मनापासून हसला. मग बोटं पुढे करून त्याने मला समजावलं. दोन ठोके म्हणजे जेवण झालं. तीन म्हणजे वारा फिरलाय, लगेच ये. वल्हवताना तो दर थोड्या वेळाने थांबून दात लावायचा. मोटरीने थांबणं बंद होणार, म्हणून मोटर लाकडात गप्प हवी. त्या पहिल्या दोन मोटरींत तिचा ठोका बुडून गेला असता. मासे काय, तो म्हणाला, मासे कसेय गावतत.

त्या दिवशी मामीने मला काही विचारलं नाही. वाढताना फक्त माझ्या ताटात एक तुकडी जास्त पडली आणि तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. नंतर मामा ओटीवर आडवा झाल्यावर ती म्हणाली, "आयकलंस मां?"

"ऐकलं."

"मगे?"

"तो एकटा असतो, मामी. काही झालं तर?"

"तेरा वर्सां मी ह्या पाइपार बसलंय," ती म्हणाली. "एकटो खंय आसा?"

रविवारी सकाळी रिसॉर्टचा माणूस आला. टेप होती, वही होती आणि मिशी होती. त्याने होडीची लांबी घेतली, रुंदी घेतली, काकडी कुठे येईल त्याची खूण खडूने केली. मामा त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. तेवढ्यात दर्शनचा फोन. मी धक्क्यावर गेलो.

"कसे आहेत बाबा? ठीक आहेत का?"

रिसॉर्टवाला खडूने टोमॅटोची जागा आखत होता. मामा त्याच्या पाठीमागे ओला फडका घेऊन काकडीची जागा पुसत चालला होता.

"मिशा आवडत नाहीत त्यांना," मी म्हणालो. "बाकी ठीक आहेत. मोटर झकास आहे. होडी देऊ नकोस."

"खरं सांगतोयस ना? तुझ्यावर आहे सगळं."

"मी स्वतः जाऊन आलोय. त्यांच्यावर लक्ष असतं."

"कुणाचं?"

"धक्क्यावरून. मामीचं. ती उदांसाठी बसतेच तिथे."

दर्शनला हे पटलं. त्याच्याही लहानपणापासून मामी उदांसाठी बसतच होती. रिसॉर्टवाल्याने टेप गुंडाळली. पुढे त्यांनी फायबरची होडी करून घेतली असं ऐकलं. ती कुठे गळत नाही म्हणतात.

दुपारी माझी एसटी होती. मामा मोटर घेऊन गेला होता, एकटा. मी बॅग घेऊन धक्क्यावर मामीच्या शेजारी बसलो. होडी दूर वळणापाशी, बोटभर दिसत होती. शीळ मात्र इथपर्यंत येत होती, बारीक, न थांबता. पाण्यावर दोन घारी फिरत होत्या. मामी तांदूळ निवडत होती. मधेच तिने बत्ता उचलला आणि पाइपवर एकदाच मारला.

मी वाट बघितली. दुसरा ठोका आला नाही.

"एक म्हणजे काय?"

"एकाचो काय अर्थ नाय," मामी म्हणाली. "असोच."

खाडीवरची शीळ थांबली. मी उठून उभा राहिलो. वाटलं, बॅटरी गेली. मामीने मान वर केली नव्हती. सुपातला एक खडा काढून तिने पाण्यात टाकला.

मग शीळ पुन्हा सुरू झाली.

"तेरा वर्सां मी ठोकतंय," ती म्हणाली. "पण उत्तर कधी येयत नव्हता."